खबरदारी म्हणून फुफ्फुसाचं इंजेक्शन नको

कोल्हापुरात गरोदर बाईचा सातवा संपत आला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: फुफ्फुसाचं इंजेक्शन घेतलं का? धनुर्वाताच्या लसीसारखं तेही आता ठरल्यागत झालंय. जुळं आहे, द्या. आधीचं सिझर आहे, द्या. पोटात थोडं ओढल्यासारखं होतंय, द्या. बाईला काहीच होत नसेल तरी ‘असू दे, खबरदारी’ म्हणून द्या. काही ठिकाणी डॉक्टर सुचवतात, काही ठिकाणी सासूबाईच मागून घेतात. ही सरसकट पद्धत थांबायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्याच दमात हेही म्हणतो, की चंदगड किंवा गगनबावड्याच्या एखाद्या वाडीत तिसाव्या आठवड्यात खरोखरच कळा सुरू झालेल्या बाईला हे इंजेक्शन गाडीत बसण्याआधी मिळालंच पाहिजे. आज नेमकं उलटं होण्याची भीती आहे. जिला गरज नाही ती शहरात चार डोस घेते, आणि जिला गरज आहे ती मोकळ्या हाताने सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, दारात पोचते.

हे इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइड. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मणार असेल तर त्याचं फुफ्फुस लवकर तयार व्हावं म्हणून ते आईला देतात. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. बाळाच्या फुफ्फुसात साधारण चोविसाव्या आठवड्यापासून विशिष्ट पेशी सर्फॅक्टंट नावाचा चरबीयुक्त द्रव बनवू लागतात. तो पुरेसा साठायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. तो नसेल तर श्वास सोडल्यावर हवेच्या बारीक पिशव्या ओल्या प्लास्टिकसारख्या आतून चिकटून बसतात आणि प्रत्येक श्वासाला बाळाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळे पडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या आजाराचं मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच कारणासाठी प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचं कोकरू ज्या वयात श्वास घेऊच शकायला नको, त्या वयात श्वास घेताना त्यांना दिसलं. लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये बायकांवरची चाचणी प्रसिद्ध केली आणि प्रसूतिशास्त्राच्या हाती एक जबरदस्त औषध आलं. ते जबरदस्त आहे याबद्दल माझा काही वाद नाही.

स्टेरॉइड पेशींना लवकर पक्व व्हायला लावतं, पिशव्यांमधल्या भिंती पातळ करतं आणि फुफ्फुसात भरलेलं पाणी जन्माच्या वेळी शोषून घेण्याची यंत्रणा जागी करतं. पण ते फक्त फुफ्फुसात जात नाही. बाळाच्या मेंदूत, यकृतात, स्वादुपिंडात, सगळीकडे पोचतं. वाढणाऱ्या पेशीला ‘वाढ थांबव, कामाला लाग’ असा तो निरोप असतो. बाळ चार दिवसांत जन्मणार असेल तर हा निरोप जीव वाचवतो. दोन महिने पोटात राहणार असेल तर तोच निरोप अवेळी पोचलेला असतो.

दम्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला वाटतं, आपल्या बाळाला स्टेरॉइड आपोआप मिळतंय. तसं होत नाही. आईच्या वारेतलं (प्लॅसेंटातलं) एक एन्झाइम प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग निकामी करतं. डेक्सा आणि बीटा त्याला दाद देत नाहीत, म्हणूनच ती दोन निवडली गेली. ज्या गुणामुळे ती उपयोगी ठरतात त्याच गुणामुळे ती जपून वापरावी लागतात.

आता वेळेचा हिशेब. डेक्साचा कोर्स म्हणजे 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर 12 तासांनी, स्नायूत. एकूण 24 मिलिग्रॅम. पहिल्या डोसनंतर काही तासांत परिणाम सुरू होतो, 24 तासांनंतर चांगला मिळतो आणि सात दिवसांपर्यंत टिकतो. त्यानंतर तो ओसरत जातो. म्हणजे तिसाव्या आठवड्यात ‘खबरदारी’चा कोर्स घेतलेली बाई तेहतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली, तर त्या खबरदारीतलं तिच्या पदरात फारसं काही पडत नाही. बरं, पुन्हा पुन्हा कोर्स द्यावा तर तीही सोय नाही. दर चौदा दिवसांनी कोर्स देऊन पाहिलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (2008) बाळांना जास्तीचा फायदा झाला नाही. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मात्र कमी भरला. हे काडतूस जवळपास एकदाच उडवायचं असतं. ते कळा नसताना उडवणाऱ्याला सावध म्हणायचं की उतावीळ, हे वाचकानेच ठरवावं.

‘दिलं तर बिघडलं काय?’ हा युक्तिवाद मी सगळ्यात जास्त ऐकतो. त्याचं उत्तर कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बेळगावच्या खेड्यांत मिळालेलं आहे. सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत भारतातून बेळगाव आणि नागपूर ही दोन ठिकाणं होती. विचार सरळ होता: गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना शिकवा, पिशवीत डेक्सा द्या, लवकर कळा आलेल्या प्रत्येक बाईला टोचा, बाळं वाचतील. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अगदी लहान बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही. आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला तिथे महिन्याच्या आतले मृत्यू हजारी 27.4, जिथे केला नाही तिथे 23.9. म्हणजे वाढलेच. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त आढळला. का? इंजेक्शन मिळालेल्या दर शंभर बायकांपैकी जेमतेम सोळा जणींना खरोखर फार लहान बाळ झालं. बाकीच्यांना त्या औषधाची गरजच नव्हती. दिवस मोजले होते शेवटच्या पाळीच्या आठवणीवरून किंवा पोटावर टेप लावून.

मग पाच वर्षांनी, 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी आली. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातली 29 रुग्णालयं, 2852 बायका. तेच डेक्सा, तेच 6 मिलिग्रॅम. या वेळी नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. साधारण 25 बायकांना इंजेक्शन दिलं की एक बाळ वाचत होतं. औषध तेच, गरीब देश तेच; बदललं काय? बाई 26 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान आहे हे सोनोग्राफीने पक्कं केलं होतं, बाळंतपण लवकरच होणार याची खात्री होती, आईला जंतुसंसर्ग नव्हता आणि जन्मलेल्या बाळाला धरायला ऑक्सिजन, सीपॅप (नाकावाटे हवेचा दाब देऊन फुफ्फुस उघडं ठेवणारं यंत्र) आणि शिकलेल्या परिचारिका होत्या. या चार गोष्टी असतील तर औषध बाळ वाचवतं. त्या नसताना काय झालं ते बेळगाव-नागपूरच्या आकड्यांत आहे.

म्हणून माझ्या मते वाद इंजेक्शनाचा नाहीच, तारखेचा आहे.

आपल्याकडे दिवस महिन्यांत मोजतात. ‘सातवा लागलाय’ म्हणणारी बाई सव्वीस आठवड्यांची असू शकते आणि ‘सातवा सरला’ म्हणणारी एकतीसची. केसपेपरवर मात्र दोघींच्या नावापुढे ‘सात महिने’ असतं. पाळीची तारीख विचारली तर उत्तर येतं, ‘गौरी आवाहनाच्या आधी चार दिवस’ किंवा ‘जोतिबाच्या यात्रेला गेलो तेव्हा नुकती येऊन गेली होती.’ हुशार आशाताई त्या उत्तरावर हसत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढते, गौरी कधी होत्या ते बघते, चार दिवस मागे जाते, तिथे पेनाने गोल करते आणि मग विचारते, ‘त्याच्या आधीची पाळी वेळेवर आली होती का? अंगावर पाजत होतीस का?’ पाळी अनियमित असेल किंवा अंगावर पाजताना दिवस गेले असतील तर ती तारीख विश्वासाची नाही, हे तिला माहीत असतं. पण हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत झालं तरच पुढची सोनोग्राफी कामाची. नऊ आठवड्यांच्या आत बाळाची डोकं ते बूड लांबी मोजली तर चूक पाच दिवसांच्या आसपास राहते. चौदा आठवड्यांपर्यंत सात दिवस. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सोनोग्राफी केली तर तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. तीन आठवडे! तेहतीस म्हणावं तर छत्तीस निघतात. ऊसतोडीला आलेल्या बाईची पहिली सोनोग्राफी बहुतेक वेळा अशीच उशिरा होते. शिरोळ-हातकणंगल्याच्या फडावर कोपीत राहणारी बाई कार्ड गावाकडे ठेवून आलेली असते आणि इथला डॉक्टर अंदाजाने काम करतो.

लवकर सोनोग्राफीचा आग्रह धरला की या जिल्ह्यात एक अवघड विषय निघतो, गर्भलिंगनिदानाचा. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे 839 मुली, अशी कोल्हापूरची नोंद झाली होती. सोनोग्राफी यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याचा प्रयोगही इथलाच. त्या धाकाची गरज होती आणि आहे. पण आठ-दहा आठवड्यांच्या तपासणीत मुलगा की मुलगी हे दिसत नाही; त्या वेळी फक्त दिवस मोजता येतात. कायद्याचा बडगा आणि लवकरची तपासणी यांत विरोध नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांच्या तपासणीच्या सरकारी मातृत्व अभियानात बायका येतातच. त्या दिवशी पहिल्या तिमाहीतल्या बाईला आधी आत घ्यावं, हा साधा क्रम लावायला नवा निधी लागत नाही.

शहरातलं दुखणं निराळं. इथे तारीख पक्की असते, तीन-तीन सोनोग्राफ्या झालेल्या असतात, पण मुहूर्त पक्का करायचा असतो. सिझर ठरलेलंच आहे तर अमुक नक्षत्रावर करू, मग ते सदतिसाव्या आठवड्यात आलं तरी चालेल, आणि फुफ्फुसाची भीती वाटते तर इंजेक्शन घेऊ. हा व्यवहार मला सरळ चुकीचा वाटतो. कळा न येता सदतिसाव्या आठवड्यात काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता एकोणचाळिसाव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असते, कारण फुफ्फुसातलं पाणी आटवण्याचं काम बरंचसं कळांच्या वेळच्या संप्रेरकांनी होतं. यावर औषध आहे: दोन आठवडे थांबणं. 34 ते 36 आठवड्यांत बीटामेथासोन दिलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत (2016) श्वासाचा त्रास 14.4 टक्क्यांवरून 11.6 वर आला, पण बाळांची रक्तातली साखर घसरण्याचं प्रमाण 15 वरून 24 टक्क्यांवर गेलं. फिनलंडमध्ये 6 लाख 70 हजार मुलांच्या नोंदी तपासल्या (2020), तेव्हा पोटात असताना स्टेरॉइड मिळालेल्या आणि तरी पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक आणि वर्तनविषयक अडचणींचं निदान जास्त दिसलं. नोंदींच्या अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण शुभ नक्षत्रासाठी ही शंका बाळाच्या माथी का मारायची?

आणि ते ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे एकदाचं सोडा. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्यातलासुद्धा.

आता दुसरी बाजू. खरी कळ, खरे दिवस, आणि दवाखाना लांब. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, गगनबावडा पंचावन्नच्या आसपास, आणि पावसाळ्यात पंचगंगेला-कुंभीला पाणी आलं की तो रस्ताच बंद. इथे पहिला डोस उपकेंद्रावरच मिळायला हवा. केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शनानुसार 24 ते 34 आठवड्यांत लवकर कळा आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सला) पहिला डोस देता येतो. कागदावर सगळं आहे. चूक होते ती हातात.

डेक्साची कुपी 2 मिलीची असते, प्रत्येक मिलीत 4 मिलिग्रॅम. म्हणजे 6 मिलिग्रॅम म्हणजे दीड मिली. घाईत अख्खी कुपी ओढली जाते आणि 8 मिलिग्रॅम जातात. किंवा ‘एक मिली म्हणजे एक डोस’ समजून 4 दिले जातात. कधी चारही डोस सहा-सहा तासांवर आटोपले जातात, म्हणजे ‘कोर्स पूर्ण’. आणि सगळ्यात जास्त नुकसान करते ती चिठ्ठी. ‘इंज. डेक्सा दिलं’ एवढंच लिहिलेलं असतं. किती, केव्हा, कुठे, काही नाही. रात्री अडीचला बाई पोचते, तिथला निवासी डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो किंवा दुसरा डोस द्यायचा राहून जातो. चिठ्ठीवर एक ओळ पुरते: ‘31 आठवडे (9 आठवड्यांच्या सोनोग्राफीवरून), डेक्सा 6 मिग्रॅ, डोस पहिला, रात्री 11.40, डावी मांडी, ताप नाही, पाणी गेलेलं नाही. पुढचा सकाळी 11.40.’ जिल्हा परिषदेने याचा रबरी शिक्का करून प्रत्येक उपकेंद्राला द्यावा, रिकाम्या जागा भरायच्या. शिक्क्याला फार तर दीडशे-दोनशे रुपये पडतील.

बाई चार तासांत बाळंत होईल असं दिसत असलं तरी पहिला डोस द्यावा. अपुरा कोर्सही थोडा उपयोग करतो. पण त्या डोसासाठी गाडी थांबवू नये. ताप असेल, अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल तर इंजेक्शन नाही, आधी मोठं रुग्णालय. मधुमेही बाईची साखर पहिल्या डोसनंतर अर्ध्या दिवसात चढू लागते आणि पाचेक दिवस चढी राहते. तिला डोस देऊन घरी सोडणं म्हणजे निष्काळजीपणा. आणि कळ खरी आहे का हे तपासायचं. पाणी कमी पिऊन उन्हातान्हात राबलेल्या बाईचं पोट आवळतं, तास-दोन तास डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी दिलं की शांत होतं. गर्भपिशवीचं तोंड उघडतंय की नाही हे न पाहता सुई भरू नये.

फुफ्फुसाचा विषय सगळा स्टेरॉइडवरच संपतो असं मात्र समजू नये. त्याच्या कितीतरी आधी, मेडिकलच्या काउंटरवर, फुफ्फुसाचं नुकसान होऊ शकतं आणि त्याची चर्चा कुणी करत नाही. बाळाचं फुफ्फुस वाढायला पोटातलं पाणी लागतं. विसाव्या आठवड्यानंतर ते पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळाच्या मूत्रपिंडाला मारणारं औषध म्हणूनच फुफ्फुसालाही मारतं. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या यात पहिल्या नंबरावर. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत त्या चालू राहिल्या तर पाणी आटतं, छाती दबते, फुफ्फुस लहानच राहतं, आणि मग चार डोस द्या नाही तर चाळीस द्या, न वाढलेलं फुफ्फुस स्टेरॉइडने वाढत नाही. पस्तिशीत दिवस गेलेली, आधीपासून बीपीची गोळी खाणारी बाई आता दुर्मीळ राहिलेली नाही. तिने गोळी मनाने बंद करायची नाही, पण दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपावर बदलून घ्यायची.

दुसरा नंबर अंगदुखीच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांच्या नात्यातली सगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच त्या टाळायला सांगितलं, कारण तेच: बाळाची लघवी कमी, पाणी कमी. शिवाय तिसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद करू शकतात आणि फुफ्फुसातला रक्तदाब वाढवतात. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्यांची पट्टी कापून आणणं कोल्हापुरात आजही दहा मिनिटांचं काम आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावं, तेही विचारून. रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र या यादीत येत नाही. ती घाबरून बंद करू नये.

उलट चूकही होते. दम्याचा पंप ‘बाळाला त्रास होईल’ म्हणून बंद करणाऱ्या बायका आहेत. बुडेसोनाइडचा पंप चालू ठेवण्यापेक्षा दम्याचा झटका बाळाला कितीतरी घातक. नैराश्याच्या गोळ्यांचंही तसंच. शेवटच्या महिन्यांत घेतल्या तर जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसातला रक्तदाब चढण्याचा धोका हजारी सुमारे दोनवरून तीनवर जातो. धोका आहे, पण एवढाच आहे. त्यासाठी गोळी एकाएकी तोडलेली बाई जास्त अडचणीत येते. आणि दातांना ‘औषध’ म्हणून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई औषधांच्या यादीत कुणी लिहीत नाही. मिश्रीतलं निकोटिन थेट बाळाच्या फुफ्फुसापर्यंत जातं. केसपेपरवर ‘व्यसन: नाही’ असं लिहिण्याआधी मिश्री हा शब्द उच्चारून विचारावं. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं तर ती नाहीच म्हणणार.

मागणी म्हणून मांडायचं तर तीनच गोष्टी. खासगी दवाखान्यांनी कळा नसताना, बाळंतपण सात दिवसांत होण्याचं कारण नसताना हे इंजेक्शन देणं थांबवावं आणि दिलं तर केसपेपरवर कारण लिहावं. उपकेंद्रात डेक्साची मुदतीतली कुपी, 2 मिलीची सिरिंज आणि तो शिक्का एकाच डब्यात असावा. आणि मेडिकलवाल्याने पोटुशी बाई समोर दिसली किंवा तिच्यासाठी कुणी गोळी न्यायला आलं, तर ‘कितवा महिना?’ एवढं विचारल्याशिवाय अंगदुखीची पट्टी कापू नये.